खुर्ची वापरो न वापरो

आमचा धंदा मोजणीचा.
दहा-दहाची चळत, एकात एक घुसवलेली,
उतरली की भिंतीवर खडूची रेघ.
टेंभीपाड्यात कोणाच्या दारी किती माणसं आली
हे देवाच्या आधी मला कळतं.

त्या आजाराच्या वर्षी नियम निघाला: मयताला वीस.
अनंताच्या तेराव्याला मी वीसच मांडल्या.
भाऊ माझा, खुर्च्या माझ्या,
मधलं अंतर शिंप्याची टेप लावून.
हवालदार गावित दोनदा मोजून गेले,
दुसऱ्यांदा प्रत्येक पाठीला बोट लावून.
इंदूआत्या एकविसावी.
मुलुंडहून चालत आलेली, डब्यात बेसनाचे लाडू,
अनंताला आवडायचे तसे, जरा करपलेले.
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली,
म्हणाली, इथून फोटो दिसतो रे.
दिसत नव्हता.
मध्ये मीटरची पेटी होती.

त्याच आठवड्यात, रात्री साडेअकराला,
फिरोजचा टेम्पो मढच्या बंगल्यावर.
नऊशे नग, पांढरी कव्हरं, पाठीला जांभळ्या फिती.
फाटकावरच्या पोलिसाने काही मोजलं नाही,
सवयीने टेम्पोलाच सलाम ठोकला.
आत हिरवळीवर साहेब,
पुतण्याच्या हळदीत, गालाला हळद, तोंड उघडं.
ज्यांच्या सहीने वीसचा कागद निघाला
त्यांनी मलाच विचारलं,
"शंभर अजून मिळतील का?"

मिळाल्या.
खोटं कशाला बोलू, मी दिल्या.
हप्ता थकला होता. नोटा थुंकी न लावता मोजल्या,
तेवढा नियम पाळला,
आणि घरी येऊन मयताहून आल्यासारखी अंघोळ केली.

मग तो व्हिडिओ फिरला.
साहेब म्हणाले, कार्यक्रम कौटुंबिक होता.
आमचं तेरावं काय सार्वजनिक होतं?
हे मी नाही, ज्ञानोबा इस्त्रीवाला म्हणाला, कोळसा फुंकत.
त्याच्या टपरीत पाचशेची पावती आहे,
हनुवटीवर घसरलेल्या मास्कची.
त्याने ती लॅमिनेट करून घेतलीय,
गणपतीच्या तसबिरीशेजारी टांगलीय.
कोणी विचारलं तर म्हणतो,
राहू दे, यांच्याही नावाची येईल कधीतरी.

आली नाही.
यंदा साहेबच आले, हात जोडून.
मैदानात पाचशे खुर्च्यांची ऑर्डर.
मला वाटलं, कोणी फिरकणार नाही.
आले. बायका आल्या, रिक्षावाले आले,
रात्रपाळीचे आले झोप डोळ्यांत घेऊन,
आणि उभे राहिले. शेवटच्या रांगेच्या मागे.
कोणी ठरवलं होतं म्हणतात, कोणी म्हणतात नव्हतं.
घोषणा नाही, काळा झेंडा नाही,
पोलिसांनी उचलावं असं काहीच नाही.
"बसा, बसा मंडळी," माईक म्हणाला,
मग किंचाळला, मग खरखरला.
पहिल्या रांगेत त्यांचे स्वतःचे सात जण
आपापल्या फोनमध्ये मान घालून.

मी आत्याला म्हटलं, गुडघे दुखतील, टेक जरा.
मांडवाचा खांब धरून ती म्हणाली,
इथून दिसतं रे.
या वेळी खरंच दिसत होतं.

रात्री खुर्च्या गोळा केल्या.
पुसायला फडकं काढलं, पुसायचं काय?
दवाचे थेंब, आणि एकीवर मांजर.
साहेबांचा पोरगा आला हिशेबाला,
म्हणाला, कोणी बसलंच नाही,
तर भाडं कसलं? सातांचे घ्या.

मी पावती उलटी करून दाखवली.
मागे छापलंय, वडिलांच्या काळापासून:
खुर्ची वापरो न वापरो, उतरवली की भाडं लागू.
अनंताच्या तेराव्याला
मी माझ्याच गल्ल्यात वीस खुर्च्यांचे पैसे टाकले होते,
आणि एक जास्तीचं.

पोरगा फोन लावत लांब गेला.
फिरोजने इंजिन बंद केलं.
आम्ही थांबलोय.